बाळंतिणीची खोली, टेप आणि टेस्टर

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आमच्याकडे अजून चालू आहे. त्यामुळे श्रावणात सांगलीत, आमच्या विश्रामबागच्या घरी बाळ येणार. लेक-जावई पुण्यात, वाकडला राहतात. त्यांच्या फ्लॅटमध्ये बाळाची खोली कधीच ठरलीय. भिंतीवर ढग रंगवायचेत, त्याचे नमुने लेक मला मोबाइलवर पाठवत असते. ढग छान आहेत. पण बाळाची पहिली खोली ती नव्हे. सव्वा महिना तर नक्कीच, आणि आमच्या सौ.चं चाललं तर पुरते तीन महिने, बाळ-बाळंतीण इथं असणार.

मी आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक होतो, वायरमन ट्रेडचा. निवृत्तीनंतरही हातातला टेस्टर सुटला नाही, त्यामुळे खोलीची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. कुठली खोली द्यायची हे मात्र सौ.नी आधीच ठरवून टाकलं होतं: माझी.

तसं बघितलं तर ते बरोबरच होतं. आमचं घर बैठं, विटांचं, वर स्लॅब. मागच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला जून उजाडला की ओल धरते, कितीही रंग द्या. मधल्या खोलीला एकही खिडकी नाही. पूर्वी बाळंतिणीला मुद्दाम अशाच अंधाऱ्या, वारा न लागणाऱ्या खोलीत ठेवायचे, आणि माझी थोरली बहीण फोनवर अजून तेच सुचवते. पण कोंदट खोलीत एक बाळंतीण, एक बाळ, एक आजी आणि बारा महिन्यांचे तेरा पाहुणे, हे गणित मला पटेना. राहिली पूर्वेची, बारा बाय दहाची, दोन खिडक्यांची, न्हाणीघराला लागून असलेली खोली. तिच्यात माझं टेबल, सोल्डरिंगचं सामान आणि बंद पडलेले चार पंखे होते. आता नाहीत.

इंटरनेटवर बाळाच्या खोलीच्या सूचनांचा सुकाळ आहे. सॉकेटला झाकणं लावा, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावा, जिन्याला फाटक बसवा. सगळ्या खऱ्या, पण सांगलीच्या खोलीत त्यातल्या निम्म्या बिनकामाच्या. कारण इथं असेपर्यंत बाळ ठेवलं तिथंच राहणार. फार तर शेवटी शेवटी एखादी कूस बदलेल. या काळात बाळ धोक्याकडे जात नाही, धोका बाळाकडे येतो. वरून पडतो, धुरातून येतो, गादीतून येतो, रात्री तीनला पेंगणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातून येतो. बाळ स्वतः धोका शोधायला निघेल ते पुण्यात, रांगायला लागल्यावर. म्हणून मी दोन वेगळे आराखडे केले. सांगलीची खोली वरून खाली तपासायची, पुण्याची जमिनीपासून वर.

सुरुवात पलंगापासून. सगळे पाळण्यापासून सुरू करतात, पण खोली वापरणार आहे बाळंतीण. टाके असतील, कंबर धरलेली असेल, रात्रीतून चार वेळा उठायचं असेल. तिला वाकायला लागू नये, वळायला लागू नये आणि अंधारात चाचपडायला लागू नये. सौ.ना पलंगावर भिंतीला टेकून बसवलं, हातात खडू दिला आणि पाठ न हलवता जिथवर हात पोचतो तिथवर भिंतीवर रेघ मारायला सांगितलं. “ह्या वयात मला भिंती रंगवायला लावताय,” असं म्हणत त्यांनी दोन्ही बाजूंना अर्धवर्तुळं काढली. साधारण दोन फूट. त्या रेघेच्या आत लंगोट, दुपटी, कापूस, पाण्याचा तांब्या आणि दिव्याचं बटण. गरम पाण्याचा थर्मास, औषधं, कात्री, सुई-दोरा हे सगळं रेघेच्या बाहेर, पलीकडच्या भिंतीतल्या कोनाड्यात. बाळ मांडीवर असताना गरम थर्मासकडे हात जाताच कामा नये. तो हवाच असेल तर दुसऱ्या माणसानं उठून द्यायचा.

बाळाचा कॉट पलंगाला समांतर, आई ज्या बाजूनं उतरते त्या बाजूला. त्याच्या गादीची उंची पलंगाच्या गादीएवढी, म्हणजे उचलताना वाकायला नको. पलंग आणि भिंत यांच्या फटीत बाळ झोपवायची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. “मधे घालून झोपवू की, पडणार कुठं?” असं आमच्या पिढीला वाटतं. पडण्यापेक्षा फटीत अडकण्याची भीती जास्त. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला स्पष्ट आहे: निदान पहिले सहा महिने बाळ आईच्याच खोलीत, पण झोपायला स्वतःच्या वेगळ्या जागेवर. माझी जुनी आरामखुर्चीही त्यासाठीच हलवली. खुर्चीत किंवा सोफ्यावर बाळाला पाजता पाजता आईचा डोळा लागणं हे पलंगावरच्यापेक्षाही वाईट. बाळ कुशी आणि हात यांच्यामध्ये दाबलं जातं.

कॉट बाजारातून आणायचा की सुताराकडून करून घ्यायचा, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी आमच्या ओळखीच्या सुतारानं सागवानी केला. मी त्याला नकाशा दिला नाही, एक ठोकळा दिला. सहा सेंटीमीटर रुंदीचा, लाकडी, कडा घासलेला. म्हटलं, हा ठोकळा कुठल्याही दोन पट्ट्यांमधून गेला तर कॉट परत. फट त्याहून मोठी असली तर बाळाचं अंग पायाकडून बाहेर सरकतं आणि डोकं आत अडकतं. सुतारानं आधी “काका, एवढं कोण बघतंय” असा चेहरा केला. मग स्वतःच पट्ट्या पाच सेंटीमीटरवर ठोकल्या आणि ठोकळा खिशात घालून गेला. दुसरीकडे वापरीन म्हणाला. एक बाजू खाली सरकणारा कॉट मला नकोच होता. ती सरकती बाजू निसटून बाळं दगावली म्हणून अमेरिकेत २०११ पासून तसल्या कॉटवर बंदी आहे. चारी बाजू पक्क्या, खिळे नाहीत, सगळे नट-बोल्ट, आणि महिन्याला एकदा पाना फिरवायचा.

गादीवरून घरात खरं युद्ध झालं. सौ.ना सावरीच्या कापसाची मऊ गादी हवी होती, पिंजाऱ्याला निरोपही गेला होता. मऊ गादीत बाळाचं तोंड रुततं. कूस बदलून पालथं झालं तर त्याला मान उचलून श्वास मोकळा करता येत नाही. म्हणून काथ्याची कडक, सपाट गादी, वर मेणकापड आणि घट्ट खोचलेली सुती चादर. गादी आणि कॉटची कड यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. बाकी आत काहीही नाही. लोड नाहीत, कडेला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या नाहीत, मऊ ससा नाही, गोधडी नाही. बाळ पाठीवर झोपवायचं, दुपारच्या डुलकीलासुद्धा. अमेरिकेत १९९४ पासून पाठीवर झोपवण्याची मोहीम चालवली, तेव्हा झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत साधारण निम्म्यावर आलं. हे मी सौ.ना तीनदा सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी एकदा सांगितल्यावर पटलं.

मोहरीची उशी मात्र अजून लोंबकळत आहे. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी ही आमच्या घराण्यातली अढळ श्रद्धा. मी म्हणतो, झोपेत उशी नको, शिवण उसवली तर मोहरी नाकातोंडात जाईल. बाळ जागं असताना, आपण समोर बसलेलो असताना त्याला थोडा वेळ पालथं घालायचं. डोक्यालाही आराम आणि मानेलाही जोर. सौ. म्हणतात, “तुमचं डोकं बघा, उशीवरच गोल झालंय.” यावर उत्तर नाही. सध्या उशी शिवून तयार आहे आणि कपाटात आहे.

पाचवीला उशाशी विळा किंवा अडकित्ता ठेवतात, त्याचंही ठरवून टाकलं: पूजा पाटावर होईल, विळा पाटावरच राहील, पूजा झाली की स्वयंपाकघरात. सटवाईला चालेल असं सौ.नी परस्पर जाहीर केलं. काळा दोरा गळ्यात नाही. कुंची आणि टोपडं बाहेर नेताना किंवा अंगावर वारा येताना. घरात झोपताना डोकं उघडं. बाळ उबेला आहे की उकडतंय हे तळहात-तळपायांवरून कळत नाही, ते गारच असतात. छातीला किंवा मानेमागे हात लावून बघायचं.

पाळणा. सासुरवाडीहून आलेला, लाकडी, पितळी कड्यांचा. लेकीचं बारसं त्यातच झालं. त्याच्यावर जुन्या तैलरंगाचे लाल-हिरवे थर आहेत. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको, हा केंद्राचा नियम २०१६ चा आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाची खात्री कोण देणार? घासून नवा रंग द्यायचं माझ्या मनात आलं होतं, पण कोरडं घासलं की तीच भुकटी घरभर उडते, म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. म्हणून पाळणा ओल्या फडक्यानं पुसला, आतून दुहेरी जाड सुती कापड लावलं, आणि तो बारशापुरता. नाव ठेवायचं, पाळणा म्हणायचा, फोटो काढायचे, मग बाळ कॉटमध्ये. साडीच्या झोळीला तर मी साफ नाही म्हटलं. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते, शिवाय दोन्ही बाजूंचं कापड तोंडाशी येतं.

बारशापुरता म्हटला तरी तो टांगायचा आहेच. स्लॅब टाकताना सोडलेली लोखंडी कडी खोलीत आहे. अशा कडीला लोक डोळे झाकून पाळणा बांधतात. कडीभोवती गंजाचा तपकिरी डाग किंवा गिलाव्याला तडा दिसला तर ती कडी विसरायची. आमची स्वच्छ निघाली, तरी मी तिला सिमेंटच्या दोन गोण्या, म्हणजे १०० किलो, रात्रभर टांगून ठेवल्या. बाळ चार किलोचं, पण पाळणा वीस किलोचा आणि झोका देणाऱ्या आत्या चार. झोक्यात वजनापेक्षा जास्त ओढ बसते. पंख्याच्या हुकाला मात्र पाळणा कधीच नाही.

पंख्यावरून आठवलं. बाळाच्या खोलीत जायच्या आधी शिडी लावून पंख्याच्या वरची वाटी खाली करा आणि आत बघा. पंख्याचा दांडा ज्या बोल्टवर लटकतो त्याच्या नटापुढे एक स्प्लिट पिन असते, दोन पायांची, वाकवलेली. कंपनांनी नट ढिला झाला तरी पंखा खाली येऊ नये म्हणून ती. ही पिन हरवून तिच्या जागी तार गुंडाळलेले पंखे मी आयुष्यभर बघत आलो, शिकल्या-सवरल्यांच्या घरातसुद्धा. पिन किराणा मालाच्या पुडीइतकीही महाग नाही. आमच्या पंख्याला नवी घातली, आणि तरीही कॉट पंख्याच्या बरोबर खाली ठेवलेला नाही. वाऱ्याच्या झोतात आहे, पात्यांखाली नाही. त्याच न्यायानं कॉटच्या वरच्या भिंतीवरचं घड्याळ, वडिलांची काचेची तसबीर आणि फळी काढली. श्रावणात जिवतीचं चित्र लागेल, ते कागदाचं असतं, त्याला हरकत नाही. लाकडी चिमणाळं टांगायचं ते बाळाच्या हाताला न लागेल इतकं उंच, आणि बाळ हातांवर छाती उचलायला लागलं की काढून ठेवायचं.

आता माझा विषय. खोलीची वायरिंग घर बांधलं तेव्हाची. सॉकेटला अर्थिंगची तार होती, पण अर्थिंग होतं का? टेस्टरनं कळत नाही हे मी पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो. मोजून बघितलं, मागच्या अंगणातला खड्डा उकरून नवीन अर्थ प्लेट घातली. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. विजेची गळती माणसाच्या अंगातून जमिनीकडे जायला लागली की हा डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतो. एमसीबी ते काम करत नाही. तो तारा जळू नयेत म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नव्हे, आणि बहुतेक घरांत फक्त एमसीबीच असतो. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्याला एकदा दाबायचं, खट्कन पडला पाहिजे. नाही पडला तर तो शोभेचा आहे.

इन्व्हर्टर त्या खोलीत होता, तो व्हरांड्यात काढला. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आतमध्ये आम्ल असतं. सव्वा महिन्याच्या बाळाच्या उशाशी तिचं काय काम?

सगळ्यात समाधान दिलं ते दिव्यानं. रात्री उठल्यावर ट्यूब लावली की आई जागी, बाळ जागं, आजी जागी. म्हणून पलंगाच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीकडे तोंड करून एक पिवळसर मंद दिवा बसवला. उजेड भिंतीवर पडून खोलीत पसरतो, डोळ्यांवर येत नाही, पण दुपटं ओलं आहे का, बाळाच्या ओठांचा रंग कसा आहे हे नीट दिसतं. त्या दिव्याला जिन्याची वायरिंग केली. दोन टू-वे स्विच, एक दाराशी, एक पलंगाच्या कडेला खडूच्या रेघेच्या आत. येणारानं दाराशी लावायचा, बाळंतिणीनं पडल्या पडल्या बंद करायचा. पहिल्या वर्षाच्या पोरांचं प्रॅक्टिकल आहे हे, एका तासाचं. घरात मात्र कोणी करून घेत नाही, जिना नाही म्हणून. चार्जिंगचा पॉइंट पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, कॉटपासून हातभर लांब. कुठलीही वायर, दोरी, पडद्याची नाडी कॉटवर लोंबणार नाही.

धूर आणि वास हा पुढचा वाद. पलंगाखाली निखाऱ्यांची शेगडी, वर बाळंतीण, दारं-खिडक्या बंद, ओवा-वावडिंगाची धुरी: सौ.चं बाळंतपण असंच झालं आणि त्यांना त्याच्या आठवणी प्रेमाच्या आहेत. पण बंद खोलीत कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, नुसती झोप येते. बाळंतिणीला शेक हवा तर गरम पाण्याच्या पिशवीनं घ्या, तोही आधी हाताला लावून बघून. धुरी अजिबात नाही. ठीक आहे म्हणाल्या; मात्र “धुरी बाळाला नाही, घराला देईन” ही पळवाट ठेवून. मच्छर अगरबत्ती आणि कॉइल बंद. लिक्विडचं मशीनही त्या खोलीत नाही. दोन्ही खिडक्यांना जाळी, कॉटला घट्ट ताणलेली मच्छरदाणी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारीसुद्धा. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, जुना कूलर आठवड्याला रिकामा.

माळ्यावरच्या ट्रंकेतून लेकीची जुनी झबली-दुपटी निघाली तेव्हा सौ.चे डोळे भरून आले आणि माझ्या नाकात डांबराच्या गोळ्यांचा वास गेला. नॅफ्थलीन. काही बाळांना जन्मतःच एका एन्झाइमची, जी-सिक्स-पीडीची, कमतरता असते. त्यांच्या तांबड्या पेशी या वासानं, या कपड्यांनी फुटतात आणि कावीळ चढते. कुठल्या बाळाला आहे हे तोंडाकडे बघून कळत नाही. गोळ्या घराबाहेर गेल्या. कपडे दोनदा धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात पडले, तेही पाऊस सुरू व्हायच्या आत. कापराची वडी कपड्यांत ठेवायची नाही, बाळाच्या छातीला कापूर चोळायचा नाही, हेही तेव्हाच सांगून टाकलं.

न्हाणीघराचं माप घेताना अंघोळ घालणाऱ्या मावशींना बोलावलं. त्यांचा हात आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांवरून फिरलाय. मावशी पाटावर बसतात, पाय समोर लांब करतात आणि नडग्यांवर बाळ घेतात. म्हणजे पाठीमागची भिंत ते तळपाय, साडेतीन-चार फूट सरळ जागा पाहिजे, उजव्या हाताला बादली, डाव्या हाताला टॉवेल घेऊन दुसरी बाई. आमच्या न्हाणीघरात वॉशिंग मशीन मधे येत होतं. ते हलवलं. मावशींनी बसून बघितलं, पाय लांब केले, म्हणाल्या, “नळ उजवीकडनं डावीकडं घ्या, न्हाईतर कोपर लागतंय.” नळ फिरवला. फरशी गुळगुळीत होती, तिथं खडबडीत रबरी चटई. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, कधीही उलट नाही. सोलरचं पाणी लख्ख उन्हात चहाच्या पाण्याइतकं कढत येतं आणि पावसात कोमट, अंदाजावर राहू नये. कोपर बुडवून बघायचं. गॅस गिझर आमच्याकडे बाहेरच्या भिंतीवर आहे. आत असता तर काढला असता, त्याचाही तोच बिनवासाचा वायू.

पाहुण्यांची खुर्ची दाराजवळ. तिथून बाळ दिसतं, हात पोचत नाही. बेसिन खोलीच्या बाहेर, साबण त्यावर. सर्दीवाल्यांना व्हरांडा.

पुण्याचं काम व्हिडिओ कॉलवर चाललंय. जावयांनी कॅमेरा फिरवला आणि मला सगळ्यात आधी दिसली ती छताला कप्प्यांवर टांगलेली कपडे वाळवायची दांडी. तिच्या दोऱ्या खाली लोंबत होत्या, बाळाच्या खोलीच्या खिडकीशीच, कारण बाल्कनीत पाऊस येतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ही दांडी असते आणि कोणाचं लक्ष नसतं. उभं राहायला लागलेलं मूल त्या दोरीत मान घालतं. “जावईबापू, पाच फुटांवर एक खुंटी मारा आणि दोऱ्या तिच्यावर गुंडाळा, रोज,” एवढंच सांगितलं. ब्लाइंडच्या दोरीलाही तेच.

मग मी त्यांना पोटावर झोपून मोबाइल जमिनीवर ठेवायला लावला. रांगणाऱ्या मुलाला दिसतं तेवढंच बघायचं. टीव्हीखालचा एक्स्टेंशन बोर्ड, सोफ्याखालचा रिमोट, वजनकाट्याचा बटनसेल. हा सेल गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतून भाजतो. संगीतवाल्या खेळण्यांतही असतो. झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं घरात नको. बाथरूममधली भरलेली बादली रात्री रिकामी. बाळ बुडायला बोटभर पाणीही पुरतं. सॉकेट आतून पडदी असलेले घ्या, वरून लावायची प्लॅस्टिकची झाकणं मोठी माणसंच काढून टाकतात.

खणांचं कपाट भिंतीला आवळायचं सांगितलं तर म्हणाले, स्क्रू फिरतोय, पकडत नाही. त्यांच्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या. स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचा साधा प्लग त्यात सैल होतो. त्यासाठीचा लांब प्लग वेगळा मिळतो, नाहीतर कपाट काँक्रीटच्या कॉलमशेजारी सरकवायचं. कॉलमवर ढग रंगवायचे होते. ढग थोडे डावीकडे गेले. खिडकीखालचा पलंगही हलला, कारण तो पलंग म्हणजे दोन वर्षांच्या पोराला खिडकीची पायरी. जाळीच्या आडव्या सळ्यांची शिडी होते, उभ्या सळ्या चार इंचांच्या आत हव्यात, आणि एक झडप उघडणारी, आग लागली तर बाहेर पडायला. तिची किल्ली कुठं असेल हे दोघांना माहीत पाहिजे.

राहता राहिला वॉकर. आपला पांगुळगाडा वेगळा, त्याला धरून मूल स्वतःच्या पायांवर चालतं. मध्ये बसवायचा, चाकांचा वॉकर मुलाला क्षणात जिन्यापर्यंत आणि गॅसच्या शेगडीपर्यंत नेतो. कॅनडात २००४ पासून त्याची विक्रीसुद्धा बेकायदा आहे. बारशाच्या भेटींत वॉकर येणार अशी पक्की खबर दोन ठिकाणांहून मिळालीय, एक माझ्या बहिणीकडून, एक व्याह्यांकडून. त्यांना आधीच सांगून टाकायचं काम मी जावयांकडे सोपवलंय. मी सांगितलं तर सोयरिकीचा प्रश्न होतो.